एकाला ठसका, मग तिसऱ्याला: वासरांचा खोकला पसरतो तरी कसा?

शिरूरचा_गोठा

नमस्कार मंडळी. शिरूरजवळ आमचा लहानसा गोठा आहे. बारा संकरित गाई, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), आणि सध्या सात वासरं. दिवाळीच्या आधी वासरांसाठी वेगळी शेड काढली. वर पत्रा, खाली कोबा, त्यावर उसाचं पाचट, आणि थंडी पडल्यापासून उत्तर-पूर्व बाजूंना ताडपत्री. वासरं एका ओळीत दाव्याला असतात.

गेल्या आठवड्यात दाराजवळच्या कालवडीला ठसका लागला. आधी नाकातून पाणी, मग घट्ट शेंबूड, आणि दूध अर्ध्यावर सोडायला लागली. डॉक्टर इंजेक्शनं देऊन गेले, ती सावरते आहे. पण मग खोकला सुरू झाला तो तिच्या शेजारच्या गोऱ्ह्याला नाही, त्याच्या पलीकडच्या तिसरीला. काल पाचवी खोकायला लागली. दुसरा आणि चौथी टुणटुणीत.

वडील म्हणतात, थंडीचा खोकला आहे, संक्रांत झाली की जाईल. मेहुणा म्हणतो, हवेतून पसरत असता तर आधी शेजारच्याला झाला असता. माझा प्रश्न सरळ आहे. हे एका वासराकडून दुसऱ्याकडे जातं कसं? हवेतून, बादलीतून, का आमच्याच हातून? आणि आजारी वासरू किती लांब बांधायचं?

तिरकस_सदाशिव

एक, तीन, पाच. सम-विषम पाळणारा खोकला म्हणजे थेट दिल्लीहून आलेला दिसतो. (हलके घ्या. आणि वासरांना लवकर आराम पडो.)

मुळशी_वीकेंड

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे दोनच गीर कालवडी आहेत, पण पावसाळ्यात त्यांनाही हेच झालं होतं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

बेल्ह्याचे_आबा

पोरा, आधी हे सांग, यांना चीक कधी पाजला? आणि किती? आमच्याकडं अजून काही घरांत जार, म्हणजे वार, पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत. जार पडायला कधीकधी सहा-सात तास जातात, तोवर वासरू कोरडं. मग थंडीत पहिलं तेच आडवं होतं. आन संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी देत जा, हवा साफ राहते.

शिरूरचा_गोठा

आबा, जारची वाट आम्ही बघत नाही. पण रात्री व्यायली तर सकाळच्या धारेलाच पाजतो, हे खरं.

पशुवैद्य_मीरा

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात काम करते, असे गोठे दर हिवाळ्यात बघते. जरा लांबण लागेल.

वासरांच्या न्यूमोनियात फुफ्फुसात जे जिवाणू सापडतात, पाश्चुरेला मल्टोसिडा किंवा मॅनहेमिया हीमोलिटिका, ते बहुतेक वेळा बाहेरून नव्याने आलेले नसतात. धडधाकट वासराच्या नाकाघशातही ते मुक्काम ठोकून असतात. ते खाली उतरू शकत नाहीत, कारण श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात आणि ते झाडूसारखे सगळी घाण वर लोटत राहतात. श्वसनाचे विषाणू (बीआरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा-3, आयबीआरचा विषाणू, गाईंचा स्वतःचा कोरोना) नेमकं हेच अस्तर खराब करतात. गोठ्यात मूत्राचा अमोनिया साचला तरी तेच होतं. मग नाकातले जिवाणू खाली उतरतात आणि चार-पाच दिवसांत साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो.

त्यामुळे एका वासराकडून दुसऱ्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी जात असतात. विषाणू वेगाने जातो. शिंक-खोकल्याच्या तुषारांतून, नाकाला नाक लागून, एकमेकांना चाटण्यातून. बीआरएसव्ही अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते पाच दिवस लागतात आणि पुढे आठवडाभर तरी ते वासरू विषाणू सोडत राहतं. जिवाणू मात्र सगळ्यांकडे आधीच असतात. आजारी वासरू ते हवेत जास्त प्रमाणात सोडतं, एवढाच फरक.

तिसरा भिडू मायकोप्लाझ्मा बोव्हिस. हा दगडी (कासदाह) झालेल्या गाईच्या दुधातून वासराच्या पोटात जाऊ शकतो आणि मग शेडभर फिरतो. वासराचा एक कान लोंबायला लागला, मान तिरकी झाली किंवा सांधा सुजला, तर याचा संशय घ्यायचा. याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यावर चालत नाहीत. कोणतं इंजेक्शन द्यायचं ते डॉक्टरांवर सोडा, मेडिकलवाल्यावर नको.

आबा, चिकाबद्दल दंडवत. गाईच्या वारेतून वासराकडे प्रतिपिंडं जातच नाहीत. वासरू रिकामं जन्मतं. आतड्यातून ती शोषली जाण्याची क्षमता तासातासाने उतरत जाते आणि चोवीस तासांत दार बंद होतं. तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन-चार तासांत तीन लिटर, म्हणजे वजनाच्या दहा टक्के, हा माझा आग्रह असतो. रात्री व्यायली तर रात्रीच. पण धुरी वासरांच्या शेडमध्ये नको. त्या अस्तराला धूरही सोसत नाही.

बेल्ह्याचे_आबा

डॉक्टरीणबाई, आमच्या बापजाद्यांनी धुरी दिली आन जनावरं जगली.

तिरकस_सदाशिव

आबा, जी मेली त्यांनी धाग्यावर प्रतिसाद दिलेला नाही.

बेल्ह्याचे_आबा

हे बरं बोललास. पण डास-गोमाशा घालवायच्या कशानं ते पण सांग.

पशुवैद्य_मीरा

शेडला जाळी लावा, शेण रोज उचला. मोठ्या गाईंच्या उघड्या गोठ्यात वाऱ्याच्या बाजूला थोडी धुरी केलीत तर माझी हरकत नाही. ताडपत्री बांधलेल्या शेडमध्ये मात्र नको.

दौंडचा_दूधवाला

माझा अनुभव उलटा आहे. मी वासरं वेगळी ठेवतच नाही. आईपाशी असतात, दोन्ही वेळा पितात, दिवसभर मुक्त संचारात हुंदडतात. खोकला क्वचित. वेगळी शेड, बाटली, निपल ही सगळी दुखणी आपणच विकत घेतो, असं माझं मत. निसर्गात कोण बादलीने पितं?

मुळशी_वीकेंड

निसर्गात गाय पंचवीस लिटरही देत नाही, दादा.

पशुवैद्य_मीरा

दौंडकर, तुमची वासरं उघड्यावर आहेत, पोटभर पितात आणि चीक लगेच मिळतो. त्यामुळे ती तगडी आहेत, यात शंका नाही. पण मोठी जनावरं निर्धोक असतात असा अर्थ काढू नका. आयबीआरचा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूत जन्मभर दडून बसतो. वेत, प्रवास, उपासमार असा ताण आला की गाय वरून ठणठणीत दिसत असताना तो नाकातून पुन्हा सोडायला लागते. बंदिस्त शेडमध्ये मोठ्यांची हवा लहानांवर येत असेल तर लहान वासरं आधी आजारी पडतात. म्हणून कामाचा क्रम कायम लहानांकडून मोठ्यांकडे आणि आजारी सगळ्यात शेवटी.

ओसरी

मध्येच विचारते. आमच्या दहा महिन्यांच्या नातवाला मागे आरएसव्ही झाला होता, दवाखान्यात ठेवावं लागलं. वर बीआरएसव्ही वाचलं आणि पोटात गोळा आला. आमच्या हवेली तालुक्यातल्या घरी अंगणातच दोन वासरं आहेत. तिथून आला असेल का हो?

पशुवैद्य_मीरा

नाही ताई. एकाच कुळातले आहेत, पण गाईंचा वेगळा आणि माणसांचा वेगळा. गाईंचा विषाणू बाळाला आजारी पाडत नाही. बाळाला तो घरातल्या सर्दी झालेल्या माणसाकडूनच आलेला असणार. गाईंकडून माणसांना होणारे आजार आहेत, क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस. त्यासाठी दूध उकळूनच प्या.

विस्कॉन्सिनचा_पुणेकर

मूळचा कोथरूडचा, सध्या अमेरिकेत डेअरीच्या गावात. इथे उणे तापमानात वासरं सांभाळतात, त्यामुळे हा विषय रोजचा.

इथल्या विद्यापीठाच्या लोकांनी 2006 मध्ये एक अभ्यास छापला होता. हिवाळ्यात, नैसर्गिक वायुवीजनाच्या शेडमध्ये, प्रत्येक कप्प्यातल्या हवेतले जिवाणू मोजले आणि वासरांचा आजार त्याशी ताडून बघितला. तीन गोष्टींनी आजार कमी दिसला. शेजारच्या दोन वासरांच्या मध्ये भरीव फळी, कप्प्यातल्या हवेत कमी जिवाणू, आणि वासरू आडवं झालं की पाय दिसेनासे होतील इतकं खोल काडाचं अंथरूण.

गंमत अशी की या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. फळ्या चारी बाजूंनी लावल्या की शेजारी शिंकलं तरी इकडे येत नाही, पण आतली हवा कोंडते आणि तिच्यातले जिवाणू वाढतात. म्हणून फळी फक्त दोन वासरांच्या मध्ये, पुढची आणि मागची बाजू मोकळी. शिरूरवाले, तुमच्या पाचटावर वासरू बसलं की पाय दिसतात का?

शिरूरचा_गोठा

दिसतात. पाचट पातळ आहे आणि दोन दिवसांत ओलं होतं. गव्हाचं काड मिळालं तर बघतो. ताडपत्री खालपासून पत्र्यापर्यंत गच्च आहे. वडिलांनी बांधून घेतली, रात्री गारठा फार असतो म्हणून.

पशुवैद्य_मीरा

एक काम करा. पहाटे पहिल्यांदा शेडमध्ये जाल तेव्हा दारातूनच वास घेऊ नका. आत जा, गुडघ्यावर बसा, नाक वासराच्या नाकाच्या उंचीवर आणा आणि चार श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा घशाला झोंबलं, तर वासरू रात्रभर तेच घेत होतं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. नुकत्या जन्मलेल्या वासराला पंधराच्या खाली थंडी सोसायला जादा ऊर्जा लागते, म्हणून वडिलांची काळजी चुकीची नाही. पण कोरडं, जाड अंथरूण आणि थोडं जास्त दूध दिलं तर वासरू गारठा काढतं. कोंडलेली ओली हवा त्याला काढता येत नाही. ताडपत्री वासराच्या पाठीच्या वर हातभर येईल इतकीच ठेवा, त्याच्या वर पत्र्यापर्यंत मोकळं. वारा अंगावर येणार नाही आणि वाफ वरून निघून जाईल.

ओसरी

माझा भाबडा प्रश्न. वासरांना दूध कोण पाजतं आणि कोणत्या क्रमाने? आमच्याकडे सुनेच्या हातची वासरं वेगळी आणि गड्याच्या हातची वेगळी असतात.

शिरूरचा_गोठा

संध्याकाळी सौ. आणि गडी दोघं पाजतात. दोन बाटल्या. सौ. पहिलीला लावते, गडी दुसऱ्याला. सौ.ची बाटली रिकामी झाली की परत भरून ती तिसरीकडे, गडी चौथीकडे, असं... थांबा. म्हणजे एक, तीन, पाच, सात सौ.च्या बाटलीला आणि दोन, चार, सहा गड्याच्या.

मुळशी_वीकेंड

ओसरी ताई!!! _/\_

तिरकस_सदाशिव

गोठ्यात पाटी लावा: "एका निपलाने अनेक वासरांस दूध पाजू नये. पाजल्यास होणाऱ्या खोकल्यास मालक जबाबदार. चिकाची चौकशी दुपारी 1 ते 4 करू नये."

दौंडचा_दूधवाला

मी काय सांगत होतो? निपल!

शिरूरचा_गोठा

मधे निपल धुतलं जात नाही, शेवटी दोन्ही बाटल्या एकदम धुतो. म्हणजे कारण सापडलं म्हणायचं?

पशुवैद्य_मीरा

ताईंनी धागा बरोबर पकडला, पण घाई नको. शेंबूड गळणाऱ्या वासराचं निपल तसंच पुढच्याच्या तोंडात गेलं तर संसर्ग जातो, यात वाद नाही. दूध पिताना वासराची लाळ आणि नाकाचं पाणी निपलावर, बाटलीच्या गळ्यावर आणि पाजणाऱ्याच्या हातावर येतंच. पण बाकीच्यांना ताप नाही हे तुम्ही मोजलं आहे का? खोकला उशिरा दिसतो. ताप बहुतेक वेळा त्याच्या आधी येतो, आणि काही वासरं फुफ्फुस खराब होऊनही फारशी खोकत नाहीत. बाहेरच्या देशांत वासरांच्या छातीची सोनोग्राफी करतात तेव्हा अशी वरून बरी दिसणारी वासरं सापडतात.

उद्या सकाळी दूध पाजायच्या आधी सातही वासरांचा ताप घ्या. साधा डिजिटल थर्मामीटर, गुदद्वारात, टोक आतल्या भिंतीला टेकवून. दर वासरानंतर पुसून निर्जंतुक करा. 103 फॅरनहाइटच्या वर असेल त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि या सातांत बाहेरून आणलेलं कोणी आहे का?

शिरूरचा_गोठा

हो, चौथी. मेहुण्याने दिवाळीनंतर बाजारातून आणलेली कालवड, तीन महिन्यांची असेल. आली तेव्हापासून एकदम तंदुरुस्त, म्हणून तिचा विचारच केला नाही.

विस्कॉन्सिनचा_पुणेकर

तंदुरुस्त म्हणूनच करायला हवा. बाजारात दहा गावची जनावरं एका दोरीला, टेम्पोत उपाशी प्रवास, नवीन गोठा. विषाणूला याहून चांगली संधी नाही. ती स्वतः तीन महिन्यांची, थोडक्यात बरी झाली असेल. तुमच्या लहान वासरांना मात्र ते झेपलं नाही.

दौंडचा_दूधवाला

आता मेहुण्यावर आलं. घरात भांडणं लावाल तुम्ही लोक.

बेल्ह्याचे_आबा

बाजारातनं आणलेलं जनावर आमचे म्हातारे पंधरा दिवस वाड्याबाहेर चिंचेखाली बांधायचे. तेव्हा कुणी विषाणू पाहिला नव्हता. आणिक एक, खोकला आला म्हणून मान वर धरून नळीनं काढा ओतू नका. अडुळसा-हळद-गूळ चाटवा हवं तर.

पशुवैद्य_मीरा

आबा, हे सगळ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. मान ताणून, जीभ धरून तेल किंवा काढा ओतला की तो सरळ फुफ्फुसात जाऊ शकतो. साध्या सर्दीत धडपणे तगलेली वासरं अशा ओतण्याने गेलेली मी बघितली आहेत. आणि पंधरा दिवस बाहेर बांधण्याला माझं अनुमोदन. तीन आठवडे केलं तर अजून बरं.

ओसरी

एक कडू बोलू का? आमच्या भागात कालवडीला चीक पोटभर आणि गोऱ्ह्याला उरलेला. बाकीच्या चिकाचा खरवस. मग थंडीत गोऱ्हे आधी खोकतात आणि त्यांच्यापासून कालवडींना. गोऱ्ह्याची काळजी घ्यायची नसेल तर निदान कालवडीसाठी तरी घ्या.

मुळशी_वीकेंड

पटलं. पण 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गोऱ्ह्यांचं करायचं काय, हाही प्रश्न आहेच ना? लिंगनिश्चित वीर्य परवडत नाही सगळ्यांना.

संपादक_मंडळ

कायद्याची चर्चा यापूर्वीच्या धाग्यावर झाली आहे. इथे वासरांच्या खोकल्यापुरतं ठेवा.

तिरकस_सदाशिव

आणि खरवसाची चर्चा पाककृती विभागात. पण कोणी वेलदोडा घालायचा की जायफळ यावर बोलणार असेल तर मी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

ओसरी

दोन्ही. आणि केशर घालणारे लोक खरवस खात नाहीत, केशर खातात.

शिरूरचा_गोठा

ताप घेतला. पहिली 102.4, दुसरा गोऱ्हा 104.1 (!), तिसरी 103.6, चौथी 101.8, पाचवी 104.5, सहावी 102, सातवी 103.2. दुसरा अजिबात खोकत नाही, दूध मात्र काल थोडं हळू प्यायला. पहाटे गुडघ्यावर बसून वास घेतला. डोळ्यात पाणी आलं. वडिलांनाही बसवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी ताडपत्रीचा वरचा भाग त्यांनीच सोडला.

पशुवैद्य_मीरा

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमचा सम-विषमचा हिशोब मोडला. दुसऱ्याला आहे, फक्त तो खोकत नाही. संसर्ग शेजारी गेलेलाच आहे. मेहुण्यांचा "हवेतून नाही" हा निष्कर्षही त्यामुळे टिकत नाही. बाटलीने मदत केली असेल, विशेषतः पाचवी आणि सातवीच्या बाबतीत. पण शेड एक, हवा एक, दाव्याची लांबी नाकाला नाक लागेल इतकी, अंथरूण ओलं. यातला एकच वाटा पकडून बाकी सोडू नका.

"किती लांब" याचं उत्तर असं. नाकाला नाक लागू नये हे किमान. पण नेदरलँड्समधल्या प्रयोगांत आयबीआर आणि बीआरएसव्ही दोन्ही विषाणू काही मीटर अंतरावरच्या वासरांपर्यंत हवेतून पोचलेले आहेत. म्हणून त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला बांधून उपयोग नाही. आजारी वासरं वेगळ्या छपराखाली हवीत, आणि आपल्याकडे थंडीत वारा बहुधा पूर्व-उत्तरेकडून येतो, तर त्यांना निरोग्यांच्या पश्चिमेला ठेवा. त्यांची बाटली, बादली, पाजणारा वेगळा. तेवढी माणसं नसतील तर आधी निरोगी, मग आजारी, आणि मध्ये साबणाने हात.

103.5 च्या वर आहेत त्यांना आजच डॉक्टरांना दाखवा, उद्यावर टाकू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत उपचार झाले तर फुफ्फुस वाचतं. नंतर जीव वाचला तरी फुफ्फुसाचा जो भाग घट्ट होतो तो पूर्ववत होईलच असं नाही, आणि अशी कालवड पुढे वाढीला मागे पडते, पहिल्या वेतात दूधही कमी देते. दवाखान्याचे डॉक्टर गाठता येत नसतील तर पशुसंवर्धन खात्याचा 1962 हा फोन नंबर लावा. आणि वाईट बोलते, पण एखादं दगावलंच तर लगेच पुरू नका. डॉक्टरांमार्फत पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाला नमुना पाठवा, म्हणजे कोणता जंतू आहे ते तरी समजेल.

मुळशी_वीकेंड

डॉक्टर, औंधवरून आठवलं. तिथल्या संस्थेची घटसर्पाची लस आम्ही दरवर्षी पावसाळ्याआधी देतो. पाश्चुरेला वर आलाच आहे. मग लस दिलेल्या वासरांना खोकला का होतो?

पशुवैद्य_मीरा

फार चांगला प्रश्न, आणि गावोगावी हाच गैरसमज आहे. घटसर्प आणि वासरांचा न्यूमोनिया, दोन्हींत पाश्चुरेला मल्टोसिडा, पण प्रकार वेगळे. घटसर्प करणारा बी प्रकार रक्तात पसरतो, गळा सुजतो, म्हशी तर चोवीस तासांत जातात. न्यूमोनियात बहुधा ए प्रकार असतो. घटसर्पाची लस बी साठी आहे, ती द्यायचीच, पण तिच्याकडून थंडीतल्या ठसक्याची अपेक्षा ठेवू नका.

आणि तुमच्या मुळशीत पावसाळ्यात चरायला जाणाऱ्या वासरांना कोरडा ढास लागला, ताप नसला, तर फुफ्फुसातल्या जंतांचाही विचार करा. ते खोकल्यातून लागत नाहीत. शेणातून बाहेर पडलेल्या अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि चरताना पोटात जातात. त्याचं औषध वेगळं.

शिरूरचा_गोठा

डॉक्टर दुपारीच येऊन गेले. दुसरा, तिसरी, पाचवी यांना उपचार सुरू, सातवीला उद्या परत बघणार. आजारी चौघं जुन्या कडब्याच्या खोपीत हलवली, ती पश्चिमेलाच आहे. पाच निपल नवीन आणली. चौथी मेहुण्याने स्वतःहून त्याच्या चिंचेखाली नेऊन बांधली, काहीही न बोलता.

विस्कॉन्सिनचा_पुणेकर

निपल रोज गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, नंतर उन्हात उलटं टाकून कोरडं करा. ओल्या निपलात रात्रभरात बरंच काही वाढतं. आणि दगडी झालेल्या गाईचं दूध वासरांना घालायची सवय असेल तर बंद. घालायचंच असेल तर 60 अंशांवर तासभर धरून, मग निववून.

दौंडचा_दूधवाला

कबूल करतो, हा धागा माझ्याही कामाचा झाला. मुक्त संचारात बाजारातलं जनावर थेट सोडायचो.

बेल्ह्याचे_आबा

डॉक्टरीणबाई, शेवटचं. आमच्या शेळ्यांची करडं पण अशीच शेंबडी झालीत. त्यांना हेच सगळं लागू?

पशुवैद्य_मीरा

हवा, अंथरूण, चीक आणि नवीन जनावर वेगळं ठेवणं, एवढं लागू. पण शेळ्यांत ताप, नाकातून घाण, तोंडात फोड आणि जुलाब एकत्र दिसले तर तो पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) असू शकतो. तो एका कळपातून दुसऱ्यात फार वेगाने जातो. शेळ्या बाजाराला नेऊ नका, चरायला सोडू नका, आजच दवाखान्यात कळवा. करडांचा वेगळा धागा काढा आबा, तोंडाचे फोटो टाका, मी बघते.